जुन्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर : सौदा केव्हा फायद्याचा?

कापडाच्या धंद्यात ‘प्रोसेसर’ म्हटले की आम्हाला ग्रे कापड धुऊन, रंगवून, फिनिश करून देणारा प्रोसेस हाउसवाला आठवतो. तो बदलायचा झाला तर आपण दहा वेळा विचार करतो. दर विचारतो, एक-दोन तागे रंगवून पाहतो, मगच गाडी भरतो. परंतु कॉम्प्युटरमधला प्रोसेसर बदलायची वेळ आली की हीच व्यवहारी माणसे दुकानदाराच्या एका शब्दावर पैसे काढून देतात. आम्हीही दिले होते. त्यात जे नुकसान झाले आणि त्यानंतर जे शिकायला मिळाले, ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांवरील मालाला ई-वे बिल लागू लागले. त्यामुळे ज्या पेढ्यांवर तोपर्यंत लाल वहीच चालत होती, तेथेही कॉम्प्युटर टेबलावर आला. बहुतेकांनी तो जोडून घेतलेला, म्हणजे असेंबल केलेला, घेतला. अनेकांकडे तर त्याच्याही पाच-सहा वर्षे आधीचे मशीन होते. आज ही मशीने म्हातारी झाली आहेत. बालोत्र्याला जाणारी ग्रे कापडाची गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे आणि पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकी अनेकांनी अनुभवला असेल. अशा वेळी कोणीतरी सांगतो, ‘सेठ, प्रोसेसर बदलून टाका, मशीन पळू लागेल.’

पळेल की नाही, हे बदलण्यापूर्वी कळू शकते. तेच पाहू.

आमची फसगत

भिवंडीत आमच्या पेढीशेजारी भाच्याचे डिझाइनचे दुकान आहे. दुपट्टे व ड्रेस मटेरियलची प्रिंट तो कॉम्प्युटरवर तयार करतो आणि एम्ब्रॉयडरीचे पंचिंगही करतो. त्याचे मशीन २०१२ चे होते : इंटेलचा पेंटियम जी ६३० प्रोसेसर आणि एच ६१ जातीचा मदरबोर्ड. फेब्रुवारी २०२४ मध्ये, रमजानच्या तोंडावर, कामाची गर्दी वाढली. मोठी फाइल उघडली की मशीन बसून राही.

भाचा म्हणाला, ‘मामू, आय-सेव्हन टाकू या. पुन्हा दहा वर्षे बघायला नको.’ आम्ही त्याला घेऊन मुंबईला ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. एका दुकानात जुना आय-सेव्हन मिळाला. दुकानदाराने बोर्ड कोणता हे विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. ‘इंटेलचाच आहे, बसेल,’ एवढ्यावर सौदा झाला.

घरी येऊन पाहतो तर तो आय-सेव्हन ८७० होता. ही पहिल्या पिढीची वस्तू. तिला ११५६ पिनांची बैठक लागते आणि भाच्याच्या बोर्डावरची बैठक होती ११५५ पिनांची. फरक एका आकड्याचा, पण खाचाही वेगळ्या जागी असतात. भाच्याकडील मुलाला वाटले, थोडा दाब दिला की बसेल. त्याने दांडी दाबली आणि बोर्डाच्या पिना वाकल्या. प्रोसेसर गेला, बोर्ड गेला आणि सीझनचे पाच दिवस गेले. एका जुन्या गिऱ्हाइकाने ते काम दुसरीकडे दिले. प्रोसेसरच्या पैशापेक्षा तेच नुकसान मोठे होते.

दुकानदाराला दोष द्यावा तेवढा थोडाच. परंतु नंबर न पाहता माल उचलला हा आमचाही दोष होता. कापडाचा पन्हा आणि रीड-पिक न विचारता आपण कधी माल उचलतो का?

आधी रोग ओळखा

लूमचे उत्पादन घटले की पहिला संशय मोटरीवर जातो. मोटर बदलली जाते आणि आठ दिवसांनी कळते की कांड्याच वेळेवर भरून येत नव्हत्या, म्हणून लूम उभा राहत होता. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. प्रोसेसर हा लूम समजा. त्याला माल पुरवणारी हार्ड डिस्क आणि समोर मांडून ठेवणारी रॅम जर सुस्त असेल, तर प्रोसेसर कितीही तेज बसवा, तो उभाच राहणार.

म्हणून मशीन ज्या कामात अडते ते काम सुरू करावे आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. सीपीयू म्हणजेच प्रोसेसर.

डिस्क शंभर टक्के आणि सीपीयू वीस-तीस टक्के असेल, तर प्रोसेसर निर्दोष आहे. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम वाढवावी. सीपीयू शंभरला टेकून तेथेच राहत असेल, तरच प्रोसेसरचा विचार करावा.

येथे एक बारीक गोष्ट आहे, जी अनेक मेकॅनिकही सांगत नाहीत. आजच्या प्रोसेसरमध्ये दोन, चार, सहा असे कोअर असतात. म्हणजे एका छपराखाली तितके लूम. परंतु काही सॉफ्टवेअर एकाच कोअरवर काम करते. चार कोअरच्या मशीनमध्ये असे काम चालू असेल तर सीपीयूचा आकडा पंचवीस टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि आपल्याला वाटते प्रोसेसर मोकळा आहे. प्रत्यक्षात एक कोअर दमलेला असतो व तीन बसून असतात. सीपीयूच्या आलेखावर माउसचे उजवे बटण दाबून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा पाहता येतो. एकच कोअर भरलेला दिसला, तर कोअरची संख्या वाढवून उपयोग नाही. ज्याचा एकेक कोअर तेज आहे असा, म्हणजे पुढच्या पिढीचा, प्रोसेसर लागतो.

आणखी एक. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या गावांत हवेत रुईचे तंतू उडत असतात. ते प्रोसेसरवरच्या पंख्यात व जाळीत जाऊन नमद्यासारखे बसतात. प्रोसेसर तापला की तो जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. मशीन संथ होते आणि माणूस नवा प्रोसेसर शोधू लागतो. तेव्हा आधी मशीन बंद करून, वायर काढून पंखा साफ करावा, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. ओळखीच्या दोन पेढ्यांवर एवढ्यानेच काम भागले आहे.

नाव नव्हे, नंबर पाहा

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावे म्हणजे कापडाच्या ताग्यावरचे लेबल. खरी ओळख पुढच्या नंबरात असते. इंटेल कोअर मालिकेत तीन आकडी नंबर असेल तर पहिली पिढी. चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढीचा : २४०० दुसरी, ३४७० तिसरी, ८५०० आठवी. पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे : १०४०० म्हणजे दहावी पिढी. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनला नव्या पिढीचा आय-थ्री सहज मागे टाकतो. गिगाहर्ट्झचा आकडाही एकाच पिढीत तोलावा. वेगळ्या पिढ्यांत त्याची तुलना फसवी ठरते.

नंबरानंतरचे अक्षर त्याहून महत्त्वाचे. आय-फाइव्ह ३४७० मध्ये चार कोअर आहेत, तर आय-फाइव्ह ३४७० टी मध्ये दोनच. ३३५० पी मध्ये किंवा पुढच्या पिढ्यांतील एफ अक्षराच्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र देणारा ग्राफिक्सचा भाग नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर मशीन सुरू होईल, पण पडदा काळाच राहील. के अक्षराच्या प्रोसेसरचा वेग वाढवता येतो म्हणून त्याला भाव जास्त. एच ६१ सारख्या साध्या बोर्डावर तो वाढवता येत नाही, तेव्हा त्या अक्षराचे पैसे फुकट.

बैठक कोणती, हे पिढीवर ठरते. ११५६ ची बैठक २००९ मध्ये पहिल्या पिढीबरोबर आली. ११५५ ही २०११ ची, दुसऱ्या व तिसऱ्या पिढीसाठी. ११५० ही २०१३ ची, चौथ्या पिढीसाठी. २०१५ ची ११५१ सहाव्या व सातव्या पिढीसाठी. परंतु २०१७ मध्ये आठवी पिढी आली तीही ११५१ चीच. पिना तेवढ्याच, तरी सहाव्या-सातव्या पिढीसाठी काढलेल्या बोर्डाला आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालवण्याची मान्यता नाही. या ठिकाणी सर्वांत जास्त लोक फसतात. १२०० ही २०२० ची, दहाव्या-अकराव्या पिढीसाठी, आणि १७०० ही २०२१ ची, बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत. त्यापूर्वीची ७७५ ची, कोअर टू ड्युओच्या काळातली बैठक ज्यांच्याकडे आहे, त्यांनी आता त्यावर पैसा घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोर्डाची परवानगी

बैठक जुळली म्हणजे निकाह झाला असे नाही. बोर्डाची कबुली अजून बाकी असते. बोर्डावर बायोस नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. प्रोसेसर ओळखण्याचे काम तो करतो. २०११ मध्ये बनलेल्या एच ६१ बोर्डाला एप्रिल २०१२ मध्ये आलेली तिसरी पिढी ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यासाठी बोर्ड कंपनी नवा बायोस देते. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक बोर्डाची यादी असते : कोणता प्रोसेसर चालतो आणि बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून. बोर्डाचे नाव व रिव्हिजन नंबर बोर्डावरच छापलेले असतात. यादीत नाव नसेल तर सौदा करू नये, दुकानदार कितीही शपथा घेवो.

बायोस बदलताना जुना प्रोसेसर बसवलेलाच असावा लागतो. तो काढून विकल्यानंतर ही गोष्ट आठवली तर उशीर झालेला असतो. आणि ते काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस चांगला चालत असेल तरच हात घालावा.

यादीत वॉटचाही आकडा असतो. ५५ वॉटच्या जागी ७७ किंवा ९५ वॉटचा प्रोसेसर आला तर जुना छोटा पंखा पुरत नाही, आणि स्वस्तातला पॉवर सप्लायही दम सोडू शकतो. तो खर्च आधीच हिशेबात धरावा.

दोन मशीन, दोन निर्णय

त्या फसगतीनंतर आम्ही शांतपणे दोन्ही मशीनची तपासणी केली.

भाच्याच्या मशीनमध्ये प्रिंटचे काम करताना सीपीयूचे दोन्ही कोअर शंभरला टेकत होते, आणि रॅमही भरत होती. त्याचे पंचिंगचे सॉफ्टवेअर जुने, डोंगलवर चालणारे. ते नव्या विंडोजवर चालत नाही आणि नवे घ्यायचे तर पूर्ण मशीनपेक्षा महाग. त्यामुळे मशीन बदलण्यापेक्षा त्यालाच बळ देणे भाग होते. दुसरा एच ६१ बोर्ड घेतला, त्याच्या यादीत पाहून बायोस नवा केला आणि आय-फाइव्ह ३४७० बसवला. पूर्वी दोन कोअर व २.७ गिगाहर्ट्झ होते. आता चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.६ पर्यंत. रॅम या बोर्डाला चालते तेवढी, सोळा जीबी केली. भाच्याला अजूनही आय-सेव्हन ३७७० हवा होता. त्यात कोअर चारच आहेत, पण थ्रेड आठ; या थ्रेडचा सुताशी संबंध नाही, एका कोअरने दोन कामे आलटून पालटून सांभाळण्याची ती युक्ती आहे. त्याने काही कामांत फायदा होतो, दुप्पट मात्र होत नाही. जास्तीचा पैसा आम्ही एसएसडीत घातला. जे काम पूर्वी नऊ-दहा मिनिटे घ्यायचे ते आता चार मिनिटांच्या आत होते. हे मशीन इंटरनेटला जोडलेले नाही. फाइल पेन ड्राइव्हने जाते-येते, आणि तो पेन ड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासला जातो.

आमच्या पेढीवरचे मशीन आय-थ्री ४१३० चे, चौथ्या पिढीचे. तेथे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जीएसटी आणि बँक एवढेच काम. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्के, प्रोसेसर तीसच्या वर क्वचितच. प्रोसेसरला हातही लावला नाही. एसएसडी बसवली, रॅम चारची आठ जीबी केली, आणि दारातल्या गाडीला हॉर्न वाजवायची वेळ येईनाशी झाली.

विंडोजची अट

पेढीच्या मशीनची गोष्ट येथे संपली नाही. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीच्या बोर्डावर सर्वांत महागडा प्रोसेसर बसवला तरी ही अट पुरी होत नाही. ज्या मशीनवर बँकेचा व्यवहार होतो, तेथे सुरक्षा थांबलेली विंडोज ठेवणे म्हणजे गल्ला उघडा टाकून दुकानातून उठणे होय.

म्हणून आम्ही आठव्या पिढीचे, आय-फाइव्ह ८५०० चे, एका ऑफिसातून निघालेले मशीन घेतले. जुन्यातली एसएसडी काढून त्यात लावली. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. एसएसडी आपल्याबरोबर पुढच्या मशीनमध्ये येते. प्रोसेसरचा पैसा मात्र बोर्डाबरोबर तेथेच राहतो. पेढीवर त्या वेळी प्रोसेसर बदलला असता, तर तो खर्च दीड वर्षात भंगारात गेला असता.

याउलट ज्यांच्याकडे एएमडीची एएम ४ बैठक आहे, त्यांचे नशीब चांगले. २०१७ मध्ये रायझन ३ १२०० घेतलेल्या अनेक बोर्डांना कंपन्यांनी २०२२ मध्ये नवा बायोस दिला, आणि त्यावर सहा कोअर व बारा थ्रेडचा रायझन ५ ५६०० चालतो. तो विंडोज ११ च्या यादीतही बसतो. फक्त यात ग्राफिक्स नाही; कार्ड नसेल तर ५६०० जी पाहावा. तसेच ज्यांच्याकडे आठव्या पिढीचा पेंटियम किंवा आय-थ्री आहे, त्यांनाही बोर्डाच्या यादीत पाहून आय-फाइव्ह घालणे परवडते. अशा ठिकाणी प्रोसेसर बदलणे हा खरोखर फायद्याचा सौदा आहे.

खरेदी करताना

जुना प्रोसेसर घेताना शक्य असेल तर बोर्ड बरोबर न्यावा, तेथेच बसवून, चालू करून पाहावा. प्रोसेसरच्या झाकणावर कोरलेला नंबर वाचावा, आणि चालू झाल्यावर सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रामने तोच नंबर येतो का ते पडताळावे. झाकणावरचा नंबर बदलून विकल्याचे प्रकार होतात. इंटेलमध्ये खालचे सोनेरी ठिपके काळे पडलेले नसावेत, एएम ४ मध्ये एकही पिन वाकलेली नसावी. काही दिवसांत परत घेण्याची बोली पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी बोलीवर विसंबू नये.

खर्चाचा आमचा ठोकताळा असा : प्रोसेसर, पंखा, रॅम सर्व मिळून जो खर्च येईल, तो तेच काम करणाऱ्या आठव्या किंवा पुढच्या पिढीच्या वापरलेल्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशावर जात असेल तर जुन्यात पैसा घालू नये. अपवाद फक्त भाच्यासारख्यांचा, ज्यांची रोजी जुन्या सॉफ्टवेअरला बांधलेली आहे.

तात्पर्य, आधी टास्क मॅनेजर, मग बोर्डाची यादी, मग विंडोजची अट आणि सर्वांत शेवटी बाजार. आम्ही हा क्रम उलटा धरला होता. वाकलेल्या पिनांचा तो बोर्ड भाच्याने दुकानात खिळ्याला टांगून ठेवला आहे. नवे काही घ्यायचे म्हटले की आम्ही आधी त्याच्याकडे पाहतो.